मुंबईच्या हाय-फाय शोमध्ये ऐकलेले फुल-रेंज स्पीकर (आईच्या तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग घेऊन गेलो होतो)

गंगापूररोडकर
रविवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. काल सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने नाशिकहून मुंबईला जाऊन हाय-फाय शो ऐकून आलो. हॉटेलचे दोन मजले, प्रत्येक खोलीतला बेड बाहेर काढून तिथे सिस्टिम मांडलेली. गेलं वर्षभर इथे फुल-रेंज फुल-रेंज वाचतोय म्हणून ठरवूनच गेलो होतो की एकाच ड्रायव्हरचे (म्हणजे आवाज काढणाऱ्या एकाच कोनचे) जेवढे स्पीकर असतील तेवढे शांतपणे बसून ऐकायचे आणि बाकीचे फक्त तुलनेपुरते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. नेहमीच्या स्पीकरमध्ये खालचा आवाज वूफरला, वरचा ट्वीटरला, आणि मध्ये क्रॉसओव्हर म्हणजे कॉइल-कपॅसिटरचं सर्किट, ते आवाजाची वाटणी करतं. टू-वेमध्ये, म्हणजे अशा दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये, ही वाटणी बहुतेक वेळा २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास होते आणि माणसाचा कान नेमका २ ते ५ किलोहर्ट्झला सगळ्यात जास्त तीक्ष्ण असतो. फुल-रेंजमध्ये वाटणीच नाही, एकच कोन खर्जापासून झांजेपर्यंत सगळं वाजवतो, निदान तसा प्रयत्न करतो.

आता शोमध्ये अडचण काय होते की सगळ्या खोल्यांत तेच ते लागतं, बाईचा संथ आवाज आणि गिटार, नाहीतर ड्रमचा सोलो, आणि हे सगळं इतक्या निगुतीने रेकॉर्ड केलेलं असतं की कशावरही छान वाटावं. शिवाय ती बाई समोर बसून गायली तर कशी वाटेल हे मला माहितीच नाही, मग मी पारखणार कशाशी?

मला जन्मापासून माहिती असलेला एकच आवाज आहे, आईचा तानपुरा. मिरजेचा आहे, काळी चारला लागतो, आमच्या हॉलच्या कोपऱ्यात गवसणी घालून उभा असतो. तर गेल्या आठवड्यात आईला बसवलं, हँडी रेकॉर्डर घोडीपासून हातभर लांब ठेवला आणि दहा मिनिटं नुसता तानपुरा रेकॉर्ड केला. मग तिला सांगून जोडीच्या एका तारेखालचा जवारीचा दोरा मुद्दाम केसभर मागे घेतला आणि अजून दोन मिनिटं घेतली. ज्यांनी तानपुरा लावलाय त्यांना माहिती आहे, दोरा जागेवर असला की तार फुलते (तीच जवारी), एका तारेतून चार सूर निघाल्यासारखे वाटतात, आणि तो केसभर जरी सरकला की तीच तार मुकी होते, सूर तोच पण दार लावून घेतल्यासारखा. दोन्ही फाइल पेन ड्राइव्हवर टाकल्या. माझी परीक्षा एवढीच की हा फरक किती स्पष्ट कळतो आणि तानपुरा एक वाद्य वाटतो की तुकडे.

ब्रँडची नावं मुद्दाम लिहीत नाहीये, कारण काही खोल्या इतक्या वाईट होत्या की त्याचं खापर स्पीकरवर फुटेल. ४ मीटर लांबीच्या खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास बास घुमतोच, त्याला स्पीकर तरी काय करणार.

पहिल्या खोलीत मोठे टॉवर, थ्री-वे, दोन-दोन वूफर. खर्जाची तार लागली आणि खरंच पोटात जाणवली, तेवढा मोठा खर्ज आमच्या खऱ्या तानपुऱ्यालाही नाही. पण जवारी कुठेतरी वर वेगळी तरंगत होती, म्हणजे तार खाली आणि तिची झणझण डोक्याच्या उंचीवर. मी अगदी जवळ बसलो होतो हेही कारण असेल, मोठ्या स्पीकरला ड्रायव्हर एकत्र मिसळायला अंतर लागतं आणि त्या खोलीत ते अंतर नव्हतंच. दोरा बिघडवलेली फाइल लावली तर फरक कळला पण "थोडं मंद झालं" एवढाच.

तिथून सरळ फुल-रेंजच्या खोलीत. ८ इंची कागदी कोन, मध्ये व्हिझर, म्हणजे मुख्य कोनच्या आत चिकटवलेला छोटा कोन जो वरचे सूर वाजवतो, मागे दुमडलेला हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखी रुंद होत जाणारी वाट, बॉक्स माझ्या छातीएवढा उंच. समोर ३००बी नावाच्या व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळीचा) ॲम्प, फक्त ८ वॅट. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती मोठा वाजतो ते, ९६ डीबी असल्यामुळे ८ वॅटमध्ये १ मीटरवर १०५ डीबीपर्यंत जाता येतं, ८६ डीबीच्या स्पीकरला तेवढ्यासाठी ८० वॅट लागतील.

तिथल्या काकांनी पेन ड्राइव्ह बघून जरा तोंड वाकडं केलं पण लावली. आणि मंडळी, पहिला पंचम लागला तसा मी मान वर केली. तार, तिची आस, त्यातून वर उमलत जाणारे सूर, सगळं एकाच जागेतून येत होतं, समोर दीड-दोन मीटरवर कोणीतरी भोपळा मांडीला टेकवून बसलंय असं. दुसरी फाइल लावली आणि कितव्या तारेचा दोरा सरकलाय ते मी बोट दाखवून सांगू शकलो असतो. दहाच्या दहा मिनिटं बसलो, मागे लोक उभे होते, कोणी उठवलं नाही.

पण दुसऱ्याला जागा द्यायला उठलो आणि गंमत संपली. उभं राहिल्यावर जवारी गेली, बाजूच्या खुर्चीवर बसलो तर निम्मी गेली. हे बीमिंग. ८ इंची कोनचा हलणारा भाग साधारण १६-१७ सेंटीमीटर असतो, २ किलोहर्ट्झची तरंगलांबीही १७ सेंटीमीटर, त्याच्या वर आवाज टॉर्चच्या झोतासारखा एका दिशेने जायला लागतो. म्हणजे ही एका माणसाची खुर्ची आहे. आमच्याकडे संध्याकाळी हॉलमध्ये चौघं असतात, त्यांचं काय? आणि दुसरं म्हणजे नंतर तिथे ऑर्केस्ट्रा लावला तेव्हा व्हायोलिन एका विशिष्ट पट्टीत ओरडत होती, कान दुखेपर्यंत नाही पण सारखं लक्ष तिकडे जाईल एवढी.

तिसरी खोली साधी होती आणि तिथे गर्दीच नव्हती. ४ इंची मेटल कोनचा छोटा बॉक्स, स्टँडवर, साधा ट्रान्झिस्टर ॲम्प. मला वाटलं होतं तानपुरा पोकळ वाटेल. तसा झाला नाही! घरी येऊन हिशोब केला तेव्हा कळलं, काळी चारचा सा साधारण २०८ हर्ट्झ, म्हणजे खर्ज १०४ हर्ट्झ, तेवढं ४ इंची आरामात वाजवतो. पुरुषी काळी एकचा तानपुरा असता तर खर्ज ६९ हर्ट्झला गेला असता, तिथे याची दमछाक झाली असती, तरी कान वरच्या सुरांवरून मूळ सूर मनात भरून काढतोच. बाजूला सरकलो तरी जवारी बऱ्यापैकी टिकत होती. फक्त आवाज वाढवला की सगळं आक्रसल्यासारखं व्हायचं.

को-ॲक्सियल पण ऐकले, म्हणजे वूफरच्या मध्यातच ट्वीटर. त्यात क्रॉसओव्हर असतो म्हणून हे फुल-रेंज नाहीत, पण आवाज एका बिंदूतून येतो. चांगले होते, आठ इंचीएवढे हलवून सोडणारे नव्हते.

तर आता माझा कल फुल-रेंजकडे आहे. ४ की ८ हे कळत नाहीये. तुमचे अनुभव लिहा. घरी ९०% शास्त्रीय गायन लागतं.

तीन_रस्ते
सोमवार, सकाळी ८:१५

छान लिहिलंय, पेन ड्राइव्हची कल्पना फार आवडली. पण काही गोष्टी स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

एकच कोन सगळं वाजवतो हे ऐकायला सुंदर आहे पण त्याची किंमत असते. आवाजाची पातळी तेवढीच ठेवून एक सप्तक खाली गेलं की कोनला चौपट हलावं लागतं. म्हणजे २०० हर्ट्झला जर तो पाव मिलीमीटर हलत असेल तर १०० ला एक मिलीमीटर आणि ५० ला चार. या ८ इंची कागदी ड्रायव्हरना सरळ रेषेत हलायला जेमतेम दीड-दोन मिलीमीटर जागा असते. आणि तोच कोन खाली हलत असताना वर ३ किलोहर्ट्झही वाजवतोय, म्हणजे खालच्या सुराने वरचा सूर हिंदकळतो, याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. तुम्ही नुसता तानपुरा लावलात म्हणून ते दिसलं नाही. तबल्याची जोडी, हार्मोनियम आणि भरदार आवाजाचा गवई एकदम लावा, मग बघा.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्हाला जी जवारी "उमललेली" वाटली ती खरंच अखंडपणामुळे का? व्हिझरवाल्या बहुतेक ड्रायव्हरना २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये उठाव असतो, म्हणजे तेवढा पट्टा जरा मोठा वाजतो, ज्याने तुमची व्हायोलिन ओरडत होती तोच उठाव तुमची जवारीही पुढे आणत होता. म्हणजे एकाच दोषाला तुम्ही एका ठिकाणी शाबासकी दिलीत आणि दुसऱ्या ठिकाणी नापास केलंत.

आणि चांगला डिझाइन केलेला क्रॉसओव्हर, योग्य अंतरावरून, कानाला शिवण दाखवत नाही. खोल्यांमध्ये आवाजाची पातळी सारखी नव्हती हे तर धरूनच चाला, एक-दोन डीबी मोठा असला तरी तो स्पीकर जास्त चांगला वाटतो. दोन्ही एका खोलीत, पातळी मोजून, न बघता ऐका. त्यानंतर जे सांगाल ते मी मान्य करेन.

व्हॉल्व्ह_काका
सोमवार, दुपारी १:३०

दोघांचंही बरोबर आहे. मी जुन्या नाशकात ३५ वर्षं रेडिओ दुरुस्त केले म्हणून थोडी वेगळी बाजू सांगतो.

फुल-रेंज ही नवीन फॅशन नाही, सुरुवातच तिथून झाली. १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी मूव्हिंग कॉइलचा स्पीकर मांडला, आजचा प्रत्येक डायनॅमिक स्पीकर त्याच वंशाचा, आणि तो एकटाच सगळं वाजवायचा. बोलपट आले, मोठ्या थिएटरात हजार माणसांपर्यंत आवाज पोचवायची वेळ आली तेव्हा १९३० च्या दशकात खालचा वेगळा, वरचा वेगळा हे चांगलंच रुजलं. घरात मात्र एकच स्पीकर राहिला. तुमच्या आजोबांच्या लाकडी रेडिओत बघा, एक ८ इंची नाहीतर लंबगोल स्पीकर, ईएल८४ चा एक आउटपुट व्हॉल्व्ह, चार-पाच वॅट, मागची बाजू भोकाभोकाच्या पुठ्ठ्याने झाकलेली. मीडियम वेव्हवर आवाज जेमतेम ५ किलोहर्ट्झपर्यंत यायचा त्यामुळे ट्वीटरची गरजच नव्हती. पण त्या आवाजात माणूस घरात आल्यासारखा वाटायचा हे मी शपथेवर सांगतो, गिऱ्हाईक दुरुस्त झालेला रेडिओ न्यायला यायचं आणि दुकानातच अर्धा तास बसायचं.

इंग्लंडात पॉल व्होइटच्या कामातून लोथर नावाचे फुल-रेंज ड्रायव्हर आले, हलका कागद, जबरदस्त चुंबक, वर व्हिझर. जपानात फॉस्टेक्स कंपनीने हे सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं आणि नागाओका तेत्सुओ नावाच्या समीक्षकाने बॅक-लोडेड हॉर्नचे असंख्य नकाशे छापले, लोक घरी प्लाय कापून ते बनवायचे. आपल्याकडे कोचीचे जेकब जॉर्ज, मूळचे वास्तुविशारद, त्यांनी रेथम ही स्पीकर कंपनी काढली, वर फुल-रेंज ड्रायव्हर आणि मोठ्या मॉडेलमध्ये खाली बाससाठी वेगळा पॉवर्ड भाग. आणि पुण्याचं केडेन्स, त्यांनी इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल (कोनऐवजी विजेच्या भाराने हलणारा पातळ पडदा) आणि वूफर जोडून स्पीकर केले. लोकांना वाटतं आपल्या देशात काही होत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

अजून एक मजेशीर उदाहरण म्हणजे बोस ९०१, १९६८ चा. त्यात नऊ छोटे फुल-रेंज, एक पुढे आणि आठ मागे, क्रॉसओव्हर नाहीच, वेगळा इक्वलायझर. गल्फहून आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या बंगल्यावर ऐकले होते. एका बिंदूतून आवाज यावा या कल्पनेच्या बरोब्बर उलट टोक, पण ड्रायव्हर फुल-रेंजच.

तबला_पंचवटी
सोमवार, संध्याकाळी ७:०५

मी ऑडिओतला माणूस नाही, तबला वाजवतो आणि शिकवतो. तानपुऱ्याबद्दल एक सांगावंसं वाटलं. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणेच्या घोडीवर लिहिलं होतं. तार जिथे छेडतो त्या जागेमुळे काही सूर नियमाप्रमाणे उमटायलाच नको, ते तानपुऱ्यात ठसठशीत ऐकू येतात, कारण घोडीचा पसरट गोलावा आणि तो दोरा. आणि त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी तबला-मृदंगावर लिहिलं, की शाईमुळे चामड्याचे सूर एकमेकांशी सुरेल होतात, साध्या ढोलाला ते जमत नाही. म्हणजे आपली वाद्यं वरच्या सुरांच्या नात्यावर उभी आहेत. हे नातं स्पीकरने तोडू नये एवढीच माझी अपेक्षा.

फुल-रेंज मी एका विद्यार्थ्याच्या घरी ऐकला, बहुतेक ४ इंचीच होता. चाटीचा "ना" इतका स्वच्छ की बोट किनारीवर कुठे पडलं ते कळत होतं. बायाची (डग्ग्याची) मींड पण छान, घिस्सा पूर्ण ऐकू येतो. पण "धा" पडल्यावर जो दणका सतरंजीतून मांडीला लागतो तो नाही. पिंपळपाराच्या पाडवा पहाटेला पुढे बसलेल्यांना विचारा मी काय म्हणतोय ते. आणि कोणी त्याच्यावर नाशिक ढोल लावायला जाऊ नका, कोन बाहेर येईल.

वखारवाला
सोमवार, रात्री ११:२०

दादा, तुमच्या घरापासून माझं वर्कशॉप दहा मिनिटांवर आहे आणि तुम्ही मुंबईला जाऊन आलात 🙂 माझ्याकडे ४ इंचीचे तयार बॉक्स आहेत, रविवारी घेऊन येतो.

आता ४ की ८ बद्दल. मी दोन्ही बनवलेत. ८ इंचीसाठी हॉर्न नाहीतर क्वार्टर-वेव्ह पाइप (तरंगलांबीच्या पाव लांबीची नळी) लागतो, आणि पाइप ५० हर्ट्झला लावायचा तर लांबी १.७ मीटर, दुमडला तरी कपाटाएवढा बॉक्स होतो. १८ एमएमच्या ८ बाय ४ च्या दोन शीट सहज जातात. मी आयएस ७१० चा मरीन प्लायच वापरतो, स्वस्त कमर्शियलमध्ये आतून पोकळ्या निघतात आणि एका ठराविक सुराला तो तुकडा वाजायला लागतो, मग शोधत बसा. एकदा माझा एक बॉक्स हार्मोनियमच्या एकाच पट्टीला खरखरायचा, दोन दिवस ड्रायव्हरला दोष दिला, शेवटी बोटाने ठोकत ठोकत गेलो तर डाव्या बाजूच्या फळीत वीतभर ठिकाणी पोकळ आवाज.

४ इंचीला १० लिटरच्या आतबाहेरचा बास-रिफ्लेक्स बॉक्स, म्हणजे हवेची नळी (पोर्ट) असलेला, पुरतो. आकडे डेटाशीटवरून काढायचे, थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात त्यांना. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात हे गणित मांडलं आणि १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पुढे नेलं, त्याआधी लोक बॉक्सचं माप बरंचसं करून बघून ठरवायचे.

तीन_रस्ते साहेब, तुमचा उठावाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. म्हणून मी नुसता ड्रायव्हर बॉक्सला ठोकून देत नाही. २० सेंटीमीटर रुंद बॉक्स असेल तर ५००-६०० हर्ट्झच्या खाली आवाज बॉक्सला वळसा घालून मागे जायला लागतो आणि पुढे ६ डीबीपर्यंत कमी पडतो. ते ऐकणाऱ्याला "बास नाही, वरचं टोचतं" असं वाटतं. त्याला एक कॉइल आणि तिला समांतर एक रेझिस्टर लावायचा. उठाव असेल तर छोटा नॉच, म्हणजे तेवढाच पट्टा दाबणारं सर्किट. काही लोक म्हणतात सर्किट टाकलं की फुल-रेंजचा धर्म बुडाला. मला ते पटत नाही. आवाज अजून एकाच कोनमधून येतोय ना.

नवीन_श्रोता_सिडको
मंगळवार, सकाळी ९:५०

मी नवीन आहे, खोली १० बाय १०, रात्री हेडफोन लावून कंटाळलोय. ४ इंची पुरेल का? ॲम्प कोणता लागेल? व्हॉल्व्ह घ्यायलाच लागतो का?

वखारवाला
मंगळवार, सकाळी १०:३५

पुरेल, भाऊ. तुझ्या खोलीला तर ८ इंचीचा विचारही करू नको, कपाटाएवढा बॉक्स ठेवायला जागाच नाही. १० फुटाला तसाही ५६ हर्ट्झचा घुमारा आहे, खोली चौकोनी म्हणून समोरासमोरच्या भिंतींच्या दोन्ही जोड्या तो देतात म्हणजे डबल. व्हॉल्व्ह लागत नाही. ४ इंचीची सेन्सिटिव्हिटी ८६-८७ च असते, तिला २०-३० वॅटचा साधा क्लास-डी (छोटा ट्रान्झिस्टर) ॲम्प उत्तम. व्हॉल्व्हचं लग्न ९५ च्या वरच्या स्पीकरशी लागतं.

गंगापूररोडकर
रविवार, रात्री ९:१०

आज सगळे आमच्याकडे जमलो होतो. वखारवाला बॉक्स घेऊन आला, तीन_रस्ते आले, व्हॉल्व्ह_काकांनी येताना मिसळीचा रस्सा आणला त्यामुळे ऐकणं तासभर उशिरा सुरू झालं. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

एका बाजूला माझे रोजचे टू-वे, दुसऱ्या बाजूला ४ इंची. दोन्ही जोड्या शेजारी शेजारी, समोर आईची जुनी सुती साडी दोरीवर टाकली म्हणजे कोणता वाजतोय ते दिसू नये. पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेली एकसारखी खसखस) लावून खुर्चीपाशी दोन्ही ७२ डीबी केले. मोबाईलच्या ॲपचा आकडा तंतोतंत बरोबर नसेल पण दोघांची बरोबरी करायला पुरतो. तीन_रस्ते साडीमागे बसून मनाला येईल त्या क्रमाने जवारीची चांगली किंवा बिघडवलेली फाइल लावत होते आणि आम्ही ओळखायचं. प्रत्येक स्पीकरवर आठ-आठ वेळा.

मी ४ इंचीवर एकदा चुकलो आणि टू-वेवर तीनदा. व्हॉल्व्ह_काकांचे दोन्हीकडे सारखेच. आई दोन्हीवर एकदाही चुकली नाही. शिवाय चौथ्या वेळी, टू-वे वाजत असताना, ती म्हणाली, "पंचम उतरलाय, तेव्हा तू घाई केलीस, मला नीट लावू दिला नाहीस." फोनच्या ट्यूनरवर बघितलं तर खरंच किंचित उतरलेला. मी वर्षभर त्याच टू-वेवर ऐकतोय, आणि ही फाइल तर शोमध्ये आणि घरी मिळून वीस वेळा तरी ऐकली असेल, मला कशावरच कळलं नव्हतं.

मग तीन_रस्तेंनी मापनाचा माइक लावला. त्यांचा अंदाज बरोबर निघाला, ४ इंचीला ३ किलोहर्ट्झच्या जरा वर ३ डीबीचा उठाव होता. वखारवाल्याने बसल्या जागी नॉच जोडला, उठाव गेला. परत ऐकलं. जवारी थोडी मागे गेली, खोटं बोलणार नाही, पहिली दोन मिनिटं मला आधीचंच बरं वाटत होतं. पण तुकडे पडले नाहीत, तानपुरा एकाच जागी राहिला, आणि दोरा ओळखण्यात मी यावेळी चुकलो नाही. ख्याल लावला तर गवयाच्या आवाजातला आधीचा करकरीतपणा गेला होता. म्हणजे शोमध्ये मला जे आवडलं त्यातला काही भाग उठाव होता आणि काही भाग खरा होता, हे आता मी छातीठोकपणे सांगू शकतो.

सगळ्यात उपयोगी गोष्ट मात्र वेगळीच सापडली. आई खुर्चीवर बसत नाही, सतरंजीवर बसते. स्टँडवर ड्रायव्हरची उंची ९५ सेंटीमीटर, तिचा कान ७५ ला. ती खाली बसून म्हणाली "झाकल्यासारखं वाटतंय" आणि आम्ही खुर्चीवरचे सगळे म्हणत होतो छान आहे की. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो तेव्हा कळलं. वखारवाल्याने बॉक्सच्या मागच्या बाजूला खाली लाकडी पाचर सरकवली, बॉक्स किंचित पुढे झुकला, आणि तिने हात वर करून थांबवलं, "बस, इथेच." पाचर मोजली तर दीड बोट. ही सगळी परदेशी स्टँड सोफ्यावर बसणाऱ्या माणसासाठी बनतात, आपल्याकडे गाणं ऐकायला माणूस खाली बसतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

रात्री सगळे गेल्यावर अगदी हळू आवाजात मारवा लावला. एवढ्या हळू आवाजात माझे टू-वे झोपतात. हे झोपले नाहीत. ४ इंचीच घेतोय.

तीन_रस्ते
रविवार, रात्री ११:००

उत्तम झालं, आणि मापून घेतलंत याचा आनंद आहे. आधी म्हणालो होतो तसं, मान्य. माझा थ्री-वे मी बदलत नाहीये, मला सिंफनी आणि ढोल दोन्ही लागतात, पण तुमच्या खोलीत तुमच्या गाण्याला हेच बरोबर आहे. काकूंना नमस्कार सांगा, त्यांचे कान माझ्या माइकपेक्षा चांगले आहेत.

तबला_पंचवटी
सोमवार, सकाळी ७:२०

पुढच्या वेळी मलाही बोलवा, मी बाया घेऊन येतो. खरा बाया आणि रेकॉर्ड केलेला बाया शेजारी शेजारी ऐकू.

गंगापूररोडकर
सोमवार, दुपारी २:१५

नक्की या! वखारवाला, एक राहिलं. मंगळवारी मिस्त्री कापायला घेतोय, पोर्ट पुढे काढू का मागे? माझी भिंत मागे फक्त एक फूट आहे म्हणून पुढे बरा वाटतोय.

वखारवाला
सोमवार, दुपारी २:४०

मागेच काढा दादा. वूफर असता तर पुढे चाललं असतं, पण फुल-रेंजच्या कोनच्या पाठीमागूनही मधला आवाज तेवढाच निघतो, पोर्ट पुढे असला की तो बॉक्समधून फिरून नळीतून थेट तुमच्या कानावर येतो आणि गवयाचा आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. ५ सेंटीमीटरच्या नळीला एक फूट भिंत भरपूर लांब आहे. आणि मिस्त्रीला सांगा ड्रायव्हरचं भोक आतून तिरकं घासून घ्यायचं, १८ एमएमच्या जाडीत सरळ भोक ठेवलं तर कोनच्या मागची हवा अडते. नाहीतर राहू द्या, मीच येतो मंगळवारी.